किल्ली कोणाच्या हाती असावी?

पूर्वीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरात पाटी, पेन्सिल, दोन-चार पुस्तके आणि तितक्याच वह्या एवढाच संसार असे. सांप्रतच्या विद्यार्थ्याला याखेरीज आणखी एक ओझे वाहावे लागते. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याची चर्चाही फारशी होत नाही. ते ओझे आहे पासवर्डांचे. ग्रंथालयाची संगणकावरील सूची पाहावयाची तर एक पासवर्ड, गृहपाठ पाठवावयाचा तर दुसरा, सराव-चाचणी सोडवावयाची तर तिसरा आणि टपाल पाहावयाचे तर चौथा. इतक्या किल्ल्यांचा जुडगा कोणाच्या ध्यानात राहणार? मग कोणी वहीच्या शेवटच्या पानावर सर्व पासवर्ड लिहून ठेवतो, कोणी शेजारच्या मित्राला सांगून ठेवतो, आणि बहुतेकजण सर्व ठिकाणी एकच पासवर्ड वापरून मोकळे होतात. हा तिसरा मार्ग सर्वांत सोयीचा वाटतो आणि तोच सर्वांत घातक आहे. कारण दहा ठिकाणांपैकी एका निष्काळजी ठिकाणाहून तो फुटला की उरलेली नऊ दारे आपोआप उघडी पडतात. एक ना धड भाराभर चिंध्या अशी ही अवस्था आहे.

या दुखण्यावर संगणकशास्त्राने एक औषध शोधून काढले आहे. त्याला ‘सिंगल साइन-ऑन’ असे म्हणतात. आपण त्यास या लेखापुरते ‘एकप्रवेश’ म्हणू. विद्यार्थ्याने दिवसातून एकदा, एकाच दारात, आपली ओळख पटवून द्यावी आणि मग शाळेच्या सर्व संगणकीय दालनांत त्याला मुक्त संचार करता यावा, असे त्याचे स्वरूप आहे. प्रस्तुत लेखात आम्हांला या सोयीची केवळ माहिती द्यावयाची नाही. ती सोय कोणाच्या हाती असावी, या प्रश्नाकडे विद्यार्थ्यांचे व त्यांच्या घरच्या मंडळींचे लक्ष वेधावयाचे आहे. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. शहापूरसारख्या गावातील मराठी शाळेने एकप्रवेशाची व्यवस्था अवश्य करावी आणि ती दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिऊन न करता स्वतःच्या लहानशा सर्व्हरवर करावी. मात्र त्या सर्व्हरची देखभाल शाळेच्या दप्तराइतक्याच निष्ठेने करण्याची तयारी असेल तरच या वाटेस जावे. नसेल तर जाऊ नये.

एकप्रवेश म्हणजे काय हे समजण्यासाठी फार दूर जावयास नको. प्रत्येक शाळेच्या कचेरीत एक जाडजूड जनरल रजिस्टर असते. मूल शाळेत आले की त्याचे नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावे आणि प्रवेशाची तारीख त्यात नोंदली जाते आणि त्यास एक क्रमांक मिळतो. पुढे त्या मुलाला दुसऱ्या शाळेत जावयाचे असेल, शिष्यवृत्ती मिळवावयाची असेल किंवा एस्. टी.च्या पासासाठी दाखला हवा असेल, तर शाळा आपले रजिस्टर उचलून त्याच्या हाती देत नाही. रजिस्टरातून आवश्यक तेवढाच मजकूर उतरवून, त्यावर सही-शिक्का करून, ती त्याला दाखला देते. समोरचा अधिकारी सही-शिक्का ओळखतो, दाखल्यावर विश्वास ठेवतो आणि काम होते. मूळ रजिस्टर कचेरीतील कपाटातच राहते.

एकप्रवेशाचा सर्व्हर हुबेहूब असेच वागतो. विद्यार्थी ग्रंथालयाच्या संगणकीय दारात जातो. ग्रंथालय त्याला पासवर्ड विचारीत नाही. “प्रथम कचेरीतून दाखला घेऊन या,” असे सांगून ते त्याला ओळख-सर्व्हरकडे पाठवते. तेथे तो पासवर्ड देतो. सर्व्हर खात्री करून घेतो आणि एक छोटा डिजिटल दाखला देऊन त्याला परत ग्रंथालयाकडे पाठवतो. या दाखल्यास टोकन म्हणतात. टोकनावर सर्व्हरची गणिती सही असते. ही सही करण्याची गुप्त किल्ली केवळ सर्व्हरपाशी असते. ती सही खरी की खोटी हे तपासण्याची दुसरी किल्ली मात्र सर्वांना उघड दिलेली असते. त्यामुळे ग्रंथालयाला खऱ्याखोट्याची पारख करता येते, पण बनावट दाखला तयार करता येत नाही. शिवाय टोकनाची मुदत बहुधा काही मिनिटांचीच असते. मुदत संपली की नवे टोकन घ्यावे लागते. ते काम संगणक आपसांत करतात, विद्यार्थ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की विद्यार्थ्याचा पासवर्ड ग्रंथालयाला, गृहपाठाच्या दालनाला किंवा चाचणीच्या दालनाला कधीच कळत नाही. जे त्यांच्यापाशी नाही ते त्यांच्याकडून फुटणार कसे?

या कल्पनेचा जन्म एका शिक्षणसंस्थेतच झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेने १९८३ साली ‘प्रोजेक्ट अथेना’ नावाचा उपक्रम हाती घेतला. संस्थेच्या आवारात सर्वत्र संगणक ठेवावयाचे आणि कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्याही संगणकावर बसून आपले काम करावयाचे, अशी ती योजना होती. तारेवरून जाणारा पासवर्ड मध्येच कोणी चोरला तर काय, हा प्रश्न तेथे उभा राहिला. त्यातून ‘कर्बेरॉस’ ही पद्धती निर्माण झाली. ग्रीक पुराणात पाताळाच्या द्वारावर पहारा करणारा तीन मुखांचा कुत्रा आहे, त्याचे हे नाव. कर्बेरॉसमध्ये पासवर्ड तारेवरून जातच नाही. विद्यार्थ्याला मुदतीचे तिकीट मिळते आणि तेच दारोदार दाखवावयाचे असते. पुढे जगभर जाळे पसरल्यावर या कल्पनेला नवी रूपे आली. २०१२ साली ‘ओऑथ २’ आणि २०१४ साली त्यावर आधारलेले ‘ओपनआयडी कनेक्ट’ हे नियम प्रसिद्ध झाले. आज बहुतेक ठिकाणी यांचाच प्रचार आहे.

आपल्या देशातही ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. शालेय शिक्षणासाठी केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी, सुरू झाले. ते ‘सनबर्ड’ नावाच्या मुक्त आज्ञावलीवर रचलेले असून त्यात ओळख पटविण्याचे काम ‘कीक्लोक’ या मुक्त आज्ञावलीकडे सोपविलेले आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘मेरी पहचान’ ही एकप्रवेश-सेवा सुरू केली. एकाच ओळखीने अनेक सरकारी सेवांत प्रवेश मिळावा हा तिचा हेतू. पवईच्या आय. आय. टी. मुंबईत तर जिमखान्याच्या संकेतस्थळांसाठी विद्यार्थ्यांनी स्वतःच ओऑथ २ च्या नियमांनुसार एकप्रवेशाची आज्ञावली लिहिली, आणि आपली कोणती माहिती कोणत्या दालनाला द्यावयाची हे ठरविण्याची मुभा वापरणाऱ्याला ठेवली. म्हणजे जी आज्ञावली देशभरच्या शिक्षकांसाठी चालते तीच कीक्लोक आपणही मोफत उतरवून घेऊ शकतो, आणि विद्यार्थ्यांच्या हातून असे काम होऊ शकते याचे उदाहरणही मराठी मुलखातच आहे.

येथे सुज्ञ वाचक विचारतील, “एवढा खटाटोप कशाला? मोठमोठ्या कंपन्यांची ‘आमच्या खात्याने प्रवेश करा’ अशी बटणे फुकट मिळतात. ती का वापरू नयेत?” प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर रागाने देता कामा नये. त्या कंपन्यांपाशी निष्णात अभियंते आहेत, रात्रंदिवस पहारा आहे, आणि चोरांशी झुंजण्याचा दीर्घ अनुभव आहे. कोणतीही शाळा त्या बाबतीत त्यांची बरोबरी करू शकणार नाही. असे असूनही आम्हांला शाळेची स्वतःची व्यवस्था हवीशी वाटते, याला तीन कारणे आहेत.

पहिले कारण स्वावलंबनाचे. १४ डिसेंबर २०२० रोजी गूगलच्या ओळख-व्यवस्थेतच बिघाड झाला आणि सुमारे ४५ मिनिटे जगभर जीमेल, यूट्यूब, क्लासरूम आदी सेवा एकदम बंद पडल्या. तो महामारीचा काळ होता. असंख्य मुलांची शाळा त्या क्लासरूममध्येच भरत होती. ती दालने मोडली नव्हती, आतली पुस्तके जळाली नव्हती; केवळ दारावरचा पहारेकरी कोणालाच ओळखेनासा झाला, म्हणून सर्व खोळंबले. बिघाड सर्वांच्याच घरी होतात, आपल्याही होतील. पण परक्याच्या दारात बिघाड झाला म्हणजे आपण फक्त वाट पाहू शकतो. आपल्या दारात झाला तर आपण निदान हातात पकड घेऊन उभे राहू शकतो. तीच गोष्ट अटींची. याच कंपनीने शिक्षणसंस्थांना पूर्वी अमर्याद साठा मोफत दिला होता. २०२१ साली ती सवलत आवरती घेण्याचे जाहीर झाले आणि २०२२ पासून संस्थेमागे एकूण १०० टेराबाइटची मूळ मर्यादा आली. यात त्या कंपनीचा अन्याय झाला असे आम्ही म्हणत नाही. घर त्यांचे, नियम त्यांचे. भाडेकरूने मालकाच्या मनात काय आहे याचा अंदाज बांधीत बसावे लागते, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरे कारण मुलांच्या खाजगीपणाचे. दारावर जो बसतो त्याला आत कोण केव्हा गेले, किती वेळा गेले आणि कोणत्या दालनात गेले हे सहज कळते. कोणता मुलगा रात्री अकरा वाजता गणिताची चाचणी सोडवतो, कोणती मुलगी कोणते पुस्तक मागते, या नोंदी शाळेने ठेवल्या तर त्यामागे शिक्षणाचा हेतू असू शकतो, आणि शाळेने त्यांचा गैरवापर केल्यास पालकांना कचेरीत येऊन जाब विचारता येतो. सातासमुद्रापलीकडील कचेरीत कोण जाणार? आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणी करता येईल अशी संमती घ्यावी, असे तत्त्व घालून दिले आहे. मुलांच्या माहितीचे उत्तरदायित्व कोणाचे हा प्रश्न आता केवळ चांगुलपणाचा उरलेला नाही. उत्तरदायित्व जर शाळेवरच यावयाचे, तर किल्लीही शाळेपाशीच असणे अधिक बरे.

तिसरे कारण आमच्या सीमाभागाचे आहे आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे आहे. ते म्हणजे नावाचे.

शहापूरचा इतिहास आमच्या वाचकांना ठाऊक आहे. हे गाव बेळगावला खेटून असले तरी १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. पुढे ते मुंबई राज्यात आले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेले आणि १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. २०१४ साली बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी झाले. पणजोबा संस्थानचे प्रजाजन, आजोबा मुंबई राज्यातील विद्यार्थी, वडील कर्नाटकातील नागरिक. आणि राहते घर मात्र तेच, गल्ली तीच. कागदावरील मथळे बदलत गेले आणि प्रत्येक मथळ्याबरोबर नावाची तऱ्हाही बदलत गेली. घरी नाव मराठीत, सरकारी दप्तरात कन्नडात आणि संगणकावर रोमन लिपीत. ‘ज्ञानेश्वर’ हे साधे नाव घ्या. मराठी उच्चाराप्रमाणे रोमन लिपीत त्याचा आरंभ ‘डी’ या अक्षराने होतो. तेच नाव कन्नडावरून रोमन लिपीत उतरविले तर ‘जे’ किंवा ‘जी’ने होऊ शकते. शिवाय आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम. कर्नाटकात कित्येकदा नुसती आद्याक्षरे. परिणाम असा होतो की एकाच मुलाच्या तीन खात्यांत तीन नावे बसतात. संगणक हे यंत्र आहे. त्याला तीन निरनिराळी मुले दिसतात. मग दुरुस्तीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रे आणि हेलपाटे हे सर्व नशिबी येते. सीमाभागातील किती पालकांनी या पायी किती चपला झिजविल्या असतील याची गणती करणे कठीण.

यावर ओपनआयडी कनेक्टच्या नियमांत एक सुंदर तरतूद आहे. प्रत्येक व्यक्तीस एक कायम, न बदलणारा ओळख-क्रमांक द्यावा, आणि नाव हे त्या क्रमांकाशी जोडलेली माहिती समजावी, असा तो नियम. नाव बदलले, आडनाव बदलले, लिपी बदलली, तरी क्रमांक तोच. आमच्या जनरल रजिस्टरचा क्रमांक नेमके हेच काम करीत आला आहे. इतकेच नव्हे, तर एकाच व्यक्तीचे नाव अनेक भाषांत, प्रत्येक नावापुढे भाषेची खूण घालून, ठेवण्याची सोयही त्या नियमांत सांगितलेली आहे. म्हणजे मुलाचे नाव देवनागरीत त्याची आई लिहिते तसे, कन्नडात कन्नड शुद्धलेखनाप्रमाणे आणि रोमन लिपीत जन्मदाखल्यावर असेल तसे, अशी तिन्ही नावे एकाच क्रमांकाखाली शेजारी-शेजारी नांदू शकतात. त्यांत भांडण नाही; कोणी मोठे नाही, कोणी धाकटे नाही. ज्या दालनाला ज्या लिपीतील नाव हवे ते त्याने घ्यावे. अशी तरतूद नियमांत असली तरी ती वापरावयाची की नाही, हे सर्व्हर चालविणारा ठरवतो. परक्या व्यवस्थेत आमच्या ‘ज्ञ’ची काळजी कोण वाहणार? ती काळजी आम्हीच वाहिली पाहिजे. कीक्लोकमधील पडद्यावरील शब्द साध्या मजकुराच्या फायलींत असतात. मराठीचा चांगला विद्यार्थी त्यांचे भाषांतर तपासू शकतो आणि कन्नडाचा चांगला विद्यार्थी त्याच फायलींचे कन्नड रूप पाहू शकतो. प्रवेशाच्या दारावर मुलाला आपली भाषा दिसावी, यात अभिमानापेक्षा सोयीचाच भाग अधिक आहे.

आता हा सर्व्हर किती मोठा असतो, याविषयी पुष्कळांच्या मनात भीती असते. तिला आधार नाही. काहीशे विद्यार्थ्यांच्या शाळेसाठी चार जीबी स्मृतीचा एखादा जुना पण धडधाकट संगणक पुरतो. त्यावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली, माहिती साठविण्यास पोस्टग्रेस, आणि ओळखीसाठी कीक्लोक एवढा सरंजाम लागतो. यंत्र फारच लहान असेल तर ऑथेलियासारखी हलकी आज्ञावलीही आहे. यांपैकी कशालाच परवाना-शुल्क नाही. खर्च येतो तो विजेचा, बॅटरीच्या आधाराचा आणि संकेतस्थळाच्या नावाच्या वार्षिक नोंदणीचा. दळणवळण गुप्त राखणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही संस्था मोफत देते. त्याची मुदत तीन महिन्यांहून अधिक नसते, म्हणून नूतनीकरणाचे काम यंत्राकडेच सोपवावे. मग कोहासारखी ग्रंथालयाची आज्ञावली किंवा मूडलसारखे अभ्यासाचे दालन यांना या सर्व्हरची ओळख करून द्यावी, म्हणजे ती त्याचे दाखले मानू लागतात. आरंभी सर्व्हर शाळेच्या भिंतींच्या आतच चालवावा. बाहेरच्या जगासाठी दार उघडणे हे पुढचे पाऊल. ते सवय झाल्यावर, जाणत्याचा सल्ला घेऊनच टाकावे.

एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीकडे लक्ष वेधतो. टोकनाला मुदत असते, म्हणून सर्व यंत्रांची घड्याळे जुळलेली असली पाहिजेत. कर्बेरॉसमध्ये घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले तर सामान्यतः प्रवेशच नाकारला जातो. पुष्कळ स्वस्त छोट्या यंत्रांत घड्याळासाठी बॅटरी नसते. वीज जाऊन आली की ती मागच्याच वेळेत जागी होतात. सर्व काही बरोबर असून प्रवेश मिळेना, तर प्रथम घड्याळ पाहावे. शाळेची घंटा आणि सर्व्हरचे घड्याळ दोन्ही वेळेवर चालली पाहिजेत.

येथवर आम्ही अनुकूल बाजू मांडली. आता प्रतिकूल बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला आक्षेप असा की, एक किल्ली सर्व दारे उघडते, तर ती चोरीस गेल्यावर सर्व दारे चोराला मोकळी. हे खरे आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या अशी स्थिती त्यातून ओढवू शकते. २०१८ च्या सप्टेंबरात फेसबुकवरील एका दोषातून सुमारे तीन कोटी खात्यांची टोकने चोरीस गेली, हे जगाने पाहिले आहे. म्हणून एका मुख्य दारावर जितका पहारा ठेवता येईल तितका ठेवावा. पासवर्ड मूळ रूपात कधीच साठवू नयेत; ‘आर्गॉन २’सारख्या पद्धतीने त्यांचे असे चूर्ण करून ठेवावे की त्यातून मूळ शब्द परत काढणे अत्यंत दुष्कर व्हावे. २०१५ साली संपलेल्या पासवर्ड-रक्षणाच्या जागतिक स्पर्धेत ही पद्धती विजयी ठरली होती. शिक्षकांसाठी व देखभाल करणाऱ्यांसाठी पासवर्डाखेरीज दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा अंकी आकडा सक्तीचा करावा. दहा दारांवर दहा पेंगणारे पहारेकरी ठेवण्यापेक्षा एका दारावर एक जागा पहारेकरी ठेवणे बरे. परंतु तो खरोखरच जागा पाहिजे, ही अट विसरू नये.

दुसरा आक्षेप असा की, सर्व्हर बंद पडला तर सर्वच बंद. याचे उत्तर प्रतिलिपी हे आहे. दररोज रात्री माहितीची प्रत घ्यावी, ती गुप्त लिपीत बंद करावी आणि तिची एक प्रत शाळेच्या इमारतीबाहेर ठेवावी. आणि सत्रातून एकदा त्या प्रतीवरून दुसऱ्या यंत्रावर सर्व व्यवस्था पुन्हा उभी करून पाहावी. जी प्रत कधी उघडून पाहिली नाही, तिचा भरवसा बियाणे समजून ठेवलेल्या किडक्या धान्याइतकाच. याखेरीज प्रत्येक दालनात मुख्य शिक्षकासाठी एक स्वतंत्र मागचे दार ठेवावे, म्हणजे परीक्षेच्या दिवशी अडून बसावे लागणार नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे, कारण तो यंत्राविषयी नसून आपल्या स्वभावाविषयी आहे. नव्याचे नऊ दिवस संपले की देखभाल कोण करणार? एखादा उत्साही शिक्षक सर्व उभारतो, त्याची बदली होते, आणि मागे उरते ते न सुधारलेले, कोणालाच न कळणारे यंत्र. असे यंत्र नसणे हे असण्यापेक्षा शतपटीने बरे. कारण आज्ञावलीतील दोष जसजसे उघड होतात तसतसे ते चोरांनाही कळतात. म्हणून आम्ही सुचवितो की देखभालीस नेहमी दोन व्यक्ती असाव्यात, एक शिक्षक आणि एक माजी विद्यार्थी. मुख्य पासवर्ड मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या तिजोरीत असावा. महिन्यातून एक ठरलेला दिवस सुधारणांसाठी राखून ठेवावा. काय केले, केव्हा केले, का केले याची एक वही असावी आणि ती मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलेली असावी. शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याचे खाते, त्याला आपले लेख व टिपणे उतरवून घेण्यास मुदत देऊन, प्रतिवर्षी जूनपूर्वी बंद करावे. हे नियम पाळणे ज्या शाळेला शक्य नसेल तिने खुशाल मोठ्या संस्थांचे दार वापरावे. त्यात काही कमीपणा नाही. आरंभशूरपणाने उभारलेल्या आणि वाऱ्यावर सोडलेल्या सर्व्हरपेक्षा ते शतशः श्रेयस्कर.

मर्यादाही सांगून ठेवतो. शाळेच्या या सर्व्हरने सरकारी ओळखपत्रांची जागा घेऊ नये, आणि आधार क्रमांक, बँकेचे तपशील अथवा वैद्यकीय माहिती त्यात चुकूनही साठवू नये. क्रमांक, तीन लिप्यांतील नाव, इयत्ता, तुकडी आणि चूर्ण केलेला पासवर्ड एवढ्यावर काम भागते. जे साठविलेच नाही त्याची चोरी होत नाही.

अखेरीस विद्यार्थिमित्रांना एक सांगावयाचे आहे. शहापूरची साडी विणणाऱ्या कारागिरांनी माग कसा जोडावा, ताणा कसा लावावा, तुटलेला धागा कसा सांधावा हे सर्व स्वतः शिकून घेतले. मागाचे गुपित ज्याला कळत नाही तो केवळ गिऱ्हाईक राहतो. संगणकाच्या बाबतीत आपली पिढी केवळ गिऱ्हाईक होऊन राहण्याचा धोका आहे. बटण दाबले की दार उघडते, पण ते कोणी उघडले, कशाच्या आधारे उघडले आणि उद्या ते उघडेल की नाही, याचा आपण विचार करीत नाही. एक लहानसा सर्व्हर उभारणे, त्याची सही कशी तयार होते हे समजून घेणे, तो बंद पडल्यावर न घाबरता घड्याळापासून तपासणीस आरंभ करणे, यातून जे शिक्षण मिळेल ते कोणत्याही क्रमिक पुस्तकातून मिळणारे नाही. माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण आज पुणे, बेंगळुरू आणि परदेशांत याच क्षेत्रात नोकरी करीत असतील. शाळेने त्यांच्याकडे देणगी मागण्याऐवजी महिन्यातून एक सायंकाळ मागावी.

आणि पालकांना आमची विनंती अशी. आपल्या मुलाला शाळेत घालताना आपण रजिस्टरातील नाव नीट लिहिले आहे ना, हे चष्मा लावून पाहता. उद्या शाळा संगणकीय रजिस्टर उघडील तेव्हाही तितक्याच बारकाईने विचारा: आमच्या मुलाचे नाव कोठे लिहिले, कोणत्या लिपीत लिहिले, कोण ते वाचू शकतो आणि किल्ली कोणापाशी आहे? या चार प्रश्नांची उत्तरे शाळेपाशी असली पाहिजेत. ती शाळेपाशी तेव्हाच असतील, जेव्हा किल्लीही शाळेपाशी असेल.